माइक सुरू झाला की

कोल्हापूर, रविवार रात्र

पेठ कुठली, तालीम कुठली, हे विचारून माणूस मापायची खोड आपल्याकडे जुनीच. ऑनलाइन ग्रुपवर टोपणनाव घेऊन टाइप करणाऱ्याला निदान ते सांगायचं की नाही, हे स्वतः ठरवता येतं. माइकवर ‘व्हय की’, ‘पानी’ एवढं तोंडातून गेलं की शिक्का बसलाच. परनेल, इडसार्डी आणि बॉ यांच्या १९९९ च्या अमेरिकी अभ्यासात नुसत्या ‘हॅलो’वरून लोक बोली ओळखत होते, आणि बोली बदलून फोन केला की घर दाखवायला तयार होणारे घरमालकही कमी-जास्त होत होते.

पोरींचं आणखी अवघड. इकडची पोरगी सहज ‘मी आलो’ म्हणते. टाइप केलं तर कुणाला पत्ता लागत नाही. माइकवर बोलली की आधी मुलगी म्हणून टोमणे, मग ‘आलो’ची टिंगल. ‘हेलो ३’ (Halo 3) या ऑनलाइन नेमबाजीच्या गेमवर कुझनेकॉफ आणि रोझ यांनी आधी रेकॉर्ड केलेली तीच वाक्यं वाजवली, तेव्हा बाईच्या आवाजाला पुरुषाच्या तिप्पट वाईट शेरे मिळाले.

यंत्राचे दोषही माणसाच्याच खाती पडतात. आवाज पोचायला एका बाजूने १५० मिलिसेकंदांहून बराच जास्त वेळ लागला की बोलणी एकमेकांवर आदळतात आणि खराब रेंजमधला बिचारा ‘मधेच तोंड घालणारा’ ठरतो. बटण दाबून बोलायच्या सोयीत बटण सोडताच माइक बंद होतो. मराठीत नकार वाक्याच्या शेवटी. ‘मी येणार नाही’मधलं ‘नाही’ तुटलं की माणूस शब्दाला न जागणारा. बटण सोडल्यावर माइक बंद व्हायचा अवधी २०० मिलिसेकंदांच्या आसपास ठेवला की हे बरंचसं थांबतं.

व्हिडिओत खोलीची भिंत दिसते, खाली आडनावाची पट्टीही. आडनावावरून जात हुडकणाऱ्यांना आयतंच. नाव बदलायची सोय सुरू ठेवावी, कॅमेऱ्याची सक्ती नको.

तरी आवाज बंद करा, असं मी म्हणणार नाही. विरोधी मत वाचण्यापेक्षा ऐकलं, तर बोलणारा जास्त विचारी वाटतो, हे श्रोडर, कार्डास आणि एप्ली यांनी २०१७ मध्ये दाखवलंय. म्हणून नवख्याला आधी लिहू द्यावं, ओळख झाली की माइक. आणि लिहिलेल्या शिवीचा स्क्रीनशॉट निघतो, बोललेलीचा पुरावा सहसा राहत नाही; तेव्हा व्हॉइस रूममध्ये दोन मॉडरेटर हवेत, त्यातल्या एकाने वेळ, नाव आणि नेमके शब्द लगेच टिपून ठेवायचे.