पाय गप्प ठेव

आवाज झाला तो मला आमच्या गाडीचा वाटलाच नाही. कुणीतरी पत्र्यावर दगड हाणावा तसा धाडकन आवाज, आणि लगेच स्टिअरिंगला असा हिसका बसला की कुणी पलीकडून ओढतंय. काटा ऐंशीच्या जवळपास होता. मागे सासूबाई डुलक्या घेत होत्या. कडेच्या बाजूचा पुढचा टायर फुटला होता.

माझा पाय ब्रेककडे निघाला होता, हे मला पक्कं आठवतंय. तिथवर पोचला नाही, त्यात माझा धीर वगैरे काही नाही. गाडी शिकवताना बाबांनी एक वाक्य घोकून घेतलं होतं : "टायर फुटला तर पाय गप्प ठेव." तेव्हा कंटाळा यायचा. पुढचं चाक बसलं की गाडी आधीच त्या बाजूला खेचते. त्यात करकचून ब्रेक मारला की सगळा भार पुढे येतो आणि गाडी गर्रकन फिरते. मागचा फुटला तर खेचण्यापेक्षा मागचा भाग झोकांड्या खातो, पण करायचं तेच. दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरलं, नजर समोर, अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय हळूहळू उचलला. गाडी आपल्या आपण मंदावली. चार-पाच सेकंदांचाच खेळ असेल, पण काहीही न करण्याइतकं अवघड काम मी आजवर केलेलं नाही.

वेग बराच उतरल्यावर चारही इंडिकेटर लावले आणि फडफडणाऱ्या टायरवरच रांगत थोडं पुढे गेले, कारण लगेच वळण होतं आणि वळणावर थांबलेली गाडी मागच्याला दिसत नाही. रिमचं वाटोळं होणार हे कळत होतं. होऊ दे म्हटलं. कडेला सपाट, टणक जागा मिळाली तिथे थांबले, हँडब्रेक ओढला, गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकून बंद केली.

"आई, तुम्ही कडेच्या दाराने उतरा आणि गाडीपासून लांब उभ्या राहा. परत आत बसायचं नाही."

"अगं, पण एवढ्या उन्हात?"

"उन्हातच."

लाल त्रिकोण घेऊन मी मागे साठ-सत्तर पावलं चालत गेले आणि तिथे ठेवला. फुटलेल्या चाकाच्या तिरक्या समोरच्या मागच्या चाकाला पुढून-मागून दगड लावले.

इथपर्यंत सगळं शहाण्यासारखं केलं आणि मग खरी चूक केली. आधी जॅक लावला, चाक उचललं आणि मग नट सोडवायला बसले. नट आवळलेले होते चांगलेच. पान्यावर जोर दिला तशी अख्खी गाडी जॅकवर डुलली. पोटात गोळाच आला. निमूटपणे गाडी खाली घेतली, चाक जमिनीवर टेकवलं आणि प्रत्येक नट अर्धा फेरा ढिला केला. हाताने हलेना तेव्हा पान्यावर पायाने भार दिला. मग पुन्हा जॅक, तोही गाडीच्या दाराच्या उंबऱ्याखाली जिथे खाच असते तिथेच. दुसरीकडे लावला तर पत्रा चेपतो नाहीतर जॅक निसटतो. काढलेलं चाक गाडीखाली आडवं सरकवून ठेवलं, म्हणजे जॅक घसरलाच तर गाडी त्यावर टेकेल. शरीराचा कुठलाही भाग गाडीखाली जाऊ दिला नाही.

स्टेपनी बसवली. (वेल्समधल्या लानेली गावच्या स्टेपनी रस्त्यावर १९०४ मध्ये जादा चाकाचा हा धंदा सुरू झाला, म्हणून हे नाव. घाम पुसताना हे आठवून हसू आलं.) नट आधी हाताने फिरवले, मग एक सोडून एक असे आवळले, ओळीने आवळले तर चाक तिरकं बसतं. शेवटचं घट्ट आवळणं गाडी खाली घेतल्यावर. माझी स्टेपनी बारीक, तात्पुरती. तिच्या कडेवरच ताशी ८० किलोमीटरची मर्यादा आणि ६० पीएसआय हवा लिहिलेली. हवा शाबूत होती ते नशीब, मी कित्येक महिन्यांत तपासलीच नव्हती.

फुटलेला टायर डिकीत टाकताना कडेवरचे चार आकडे दिसले, २३१६. म्हणजे २०१६ सालचा तेविसावा आठवडा. वरची नक्षी शाबूत, म्हणून मी खुशाल होते. शिवाय आठवडाभर गाडी त्या बाजूला किंचित ओढत होती. हवा कमी असली की टायरची कड सारखी दबते, तापते आणि वेगात फाटते. मला ओढ जाणवली होती, आणि मी रस्त्याला दोष दिला होता.

सासूबाईंनी पाण्याची बाटली पुढे केली. "ब्रेक का नाही मारलास गं?" त्यांना तेवढंच कळलं नव्हतं.

पन्नासेक किलोमीटरवर थांबून नट पुन्हा तपासले. दोन नटांनी चक्क पाव फेरा घेतला.