मंगळवार म्हणे!

हॅरी पॉटरचं पहिलं पुस्तक एका मंगळवारी सुरू होतं. आता हॅरीचे मायबाप गेले ३१ ऑक्टोबर १९८१ ला, सातव्या पुस्तकात त्यांच्या थडग्यावरच लिहून आहे, म्हणजे हा मंगळवार १ नोव्हेंबरचा झाला, अन् मोबाईलच्या कॅलेंडरमध्ये मागं मागं जाऊन पाहिलं तर तिथं निघतो रविवार. हा शोध माझ्या पुतण्याचा. शाळेच्या गणितात त्याचं डोकं एवढं चालत नाही.

सध्या तो सगळी पुस्तकं दुसऱ्यांदा वाचतोय, त्यामुळे धानाची कापणी उरकली अन् संध्याकाळी जरा सपरीत टेकलो की त्याची उलटतपासणी सुरू. "काका, रॉनच्या त्या जुळ्या भावाईजवळ जादूचा नकाशा होता ना, त्याच्यात शाळेतला सारा माणूस नावासकट दिसते, मंग रॉनच्या बाजूले रोज रात्री उंदीर बनून तो गद्दार पीटर पेटिग्रू झोपून हाये हे त्याईले काहून नाही दिसलं?" मी म्हटलं, लहान भावाच्या पलंगाकडे कोण पाहत बसते बे. त्याला काही पटलं नाही. मलाही नाही पटलं. (ज्यांनी वाचलं नाही त्यांनी माफ करा, पण हे तिसरं पुस्तक १९९९ चं आहे, आता किती लपवायचं.)

त्याच पुस्तकात तो काळ मागं फिरवायचा टाइम टर्नर येतो. एवढी जबरदस्त वस्तू, अन् सरकारची परवानगी काढून देतात कोणाला, तर तिसऱ्या वर्षातल्या हर्मायनीला, कशासाठी, तर तिचे तास एकमेकांवर येतात म्हणून! मग आपल्यासारखा वाचक विचारणारच की बाकीच्या वेळी कोणाला ते का नाही सुचलं. पाचव्या पुस्तकात रोलिंगबाईंनी काय केलं, मारामारीत ते सगळे टर्नर ठेवलेलं कपाटच फोडून टाकलं, विषय खल्लास. मला तर हे वाचून हसूच आलं. अन् तिथली चिल्लर पहा, १७ सिकल म्हणजे १ गॅलियन अन् २९ नट म्हणजे १ सिकल, म्हणजे एका गॅलियनचे ४९३ नट. आमचा किराणावाला दुकान बंद करून पळून गेला असता.

पण मी पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीतला माणूस. आमच्याकडे मंडईच्या जत्रेला, शंकरपटाच्या बैलशर्यतीला रात्रभर नाटक चालते, बाप मरून पडलेला असते अन् पुढच्या सीनमध्ये दणक्यात गाणं सुरू, तरी पहाटेपर्यंत थंडीत चादर गुंडाळून बसलेल्या बाया पुन्हा त्या बापासाठीच पदर डोळ्याला लावतात. आम्हाला कोणी लॉजिक शिकवू नये.

अन् खरं सांगू, तारखांचा घोळ मला टोचतच नाही. टोचलं असतं ते माणसं खोटी वाटली असती तर. पाचव्या पुस्तकात ख्रिसमसच्या दिवसांत दवाखान्यात हॅरीला त्याच्या वर्गातला नेव्हिल भेटतो. नेव्हिलच्या मायबापाला छळून छळून वेडं केलेलं, ते त्याच वॉर्डात, पोराला ओळखतही नाहीत. माय हळूच येते अन् त्याच्या हातात च्युइंगमचा रिकामा कागद ठेवते. आजी म्हणते फेकून दे तो डब्यात, आतापर्यंत तिनं दिले तेवढ्यात तुझ्या खोलीच्या भिंती झाकल्या जातील. नेव्हिल उठतो, अन् हॅरीला दिसतं की तो कागद त्यानं खिशात घातला. बस एवढंच, पुढं त्याच्यावर काही भाषण नाही. हे लिहिणाऱ्या बाईनं मंगळवार म्हटलं तर मंगळवार, मी कॅलेंडर बदलायला तयार आहे.

पुतण्या मात्र तयार नाही, त्याला चूक सापडली की दिवाळीच. अन् त्याची मजाही मला कळते, ज्या पुस्तकात जीव नाही त्याच्या तारखा कोण जुळवत बसते? आता त्याचं चौथं चालू आहे. त्यात १९९४ च्या उन्हाळ्यात हॅरीचा मावसभाऊ डडली रागारागात प्लेस्टेशन खिडकीबाहेर फेकतो, अन् ते मशीन तर तेव्हा बाजारात आलंच नव्हतं, जपानमध्येच आलं डिसेंबरात. त्याला अजून लागलं नाही हे. मी सांगणार नाही.