हिरव्यांनी केलेला घोटाळा

आमच्या मेकरस्पेसमध्ये, म्हणजे मुलांनी हाताने वस्तू बनवून बघायच्या जागेत, वयानुसार टेबलं वेगळी असतात. पाच-सहा वर्षांच्या मुलांना मोटर, कागदी पेला आणि स्केचपेनं. मोटरच्या दांडीवर खोडरबराचा तुकडा तिरका खोचला की पेला थरथरत कागदभर गिरगटत सुटतो. दहाच्या पुढच्यांना कॉपर टेप (तांब्याची चिकटपट्टी), एलईडी दिवे आणि सीआर २०३२ हा नाण्यासारखा चपटा बटण सेल. ही वाटणी सोप्या-अवघडाची नाही, हे पालकांना पटवता पटवता जीव जातो. बटण सेल गिळला तर २ तासांतही अन्ननलिका आतून भाजू शकते, म्हणून तो धाकट्यांच्या आसपाससुद्धा नको, एवढंच.

त्या दिवशी सहा वर्षांची एक चिमुरडी पेला सोडून दादाच्या टेबलावर येऊन बसली. हलेचना. शेवटी सेल दादाच्या ताब्यात आणि एलईडी तिच्या, असं ठरवून मी शेजारी ठाण मांडलं.

दादा चौदाचा. त्याच्या कार्डावर कॉपर टेपच्या पट्ट्यांना जोडलेला निळा दिवा छान लागला होता. त्याच पट्ट्यांवर त्याने लाल जोडला आणि निळा गप्पकन विझला.

"सेल उतरला." त्याने नवा घातला. तेच.

"लाल आला की निळा पळतो," धाकटी म्हणाली, आणि तिने एकेक एलईडी पट्ट्यांवर टेकवायला सुरुवात केली. लांब पाय कुठल्या बाजूला, एवढंच दादाने दाखवलं होतं. निळ्याला विझवणारे एका ढिगात, त्याच्यासोबत नांदणारे दुसऱ्या. पिवळे लालमध्ये गेले, पांढरे निळ्यात. हिरव्यांपैकी मात्र एक इकडे, एक तिकडे! चुकून पडला असेल म्हणून मी दोन्ही जोडून पाहिले. पोरगी बरोबर होती. एक पोपटी, जुन्या प्रकारचा, साधारण २ व्होल्टवर चालणारा. दुसरा गडद हिरवा, त्याला ३ च्या आसपास लागतात. आमच्याकडे दोन्ही एकाच डबीत.

दादाने व्होल्ट मोजणारा मल्टिमीटर लावला. निळा एकटा असताना २.८ व्होल्ट, लाल टेकवताच २ च्या जवळ. "म्हणजे लाल सगळ्यांनाच खाली ओढतो!" मग त्याने लालच्या वाटेत २२० ओहमचा, प्रवाहाला अडवणारा रेझिस्टर घातला आणि दोन्ही दिवे लागले. ते बघायला धाकटी कुठे होती? ती केव्हाच पेल्याकडे पळाली होती.

संध्याकाळी आवरताना सहकारी म्हणाला, हिरव्यांच्या दोन डब्या करूया. मी म्हटलं, मुळीच नको.