पवनचक्कीची तयार पाती : ग्रँट रोड ते नागदेवी

मनोरीला मामांच्या गच्चीवर छोटी पवनचक्की उभी करायचं चाललंय. खांब, शेपूट, जनरेटर सगळं मामांनी जमवलेलं; राहिली होती पाती. ती तयार आणायला आम्ही दोघं मुंबईच्या बाजारात उतरलो.

निघण्याआधी एक आकडा काढून ठेवा : तुमचा जनरेटर किती फेऱ्यांना १२ व्होल्ट देतो. मामांचा मिनिटाला साधारण ३०० फेऱ्यांना देतो. तीन पात्यांच्या चांगल्या चक्कीत पात्याचं टोक वाऱ्याच्या सहापट वेगाने फिरतं. म्हणजे २ मीटर व्यासाची चक्की सेकंदाला ५ मीटरच्या वाऱ्यात मिनिटाला पावणेतीनशेच्या वर फेऱ्या घेते. आमचं जेमतेम जमत होतं. तोच जनरेटर ६०० फेऱ्या मागणारा असता, तर हीच पाती लावून बॅटरी फक्त सोसाट्याच्या वाऱ्यात चार्ज झाली असती. हबवरच्या (पाती जिथे बसतात त्या मधल्या चकतीवरच्या) भोकांचं मापही पुठ्ठ्यावर छापून घ्या. दुकानात 'बसेल हो ताई' यापलीकडे उत्तर मिळत नाही.

ग्रँट रोडला पूर्वेला उतरलं की लॅमिंग्टन रोड. चार्ज कंट्रोलर (बॅटरी जास्त चार्ज होऊ न देणारा), रेक्टिफायर (जनरेटरची एसी वीज बॅटरीसाठी डीसी करणारा), सोलरचं सामान इथे हवं तेवढं. पाती मात्र कॉलेजच्या प्रोजेक्टची, वीतभर प्लास्टिकची. एकाने सीलिंग फॅनची पाती लावायचा सल्ला दिला. पंख्याचं पातं मोटरच्या जोरावर हवा ढकलायला केलेलं, सपाट पत्रा नुसता वाकवलेला. चक्कीच्या पात्याची पुढची कड गोलसर, मागची धारदार हवी, आणि मुळापासून टोकापर्यंत पीळ हवा. पंख्याची पाती फिरतील, पण वीज नावापुरती. रेक्टिफायर तेवढा घेतला आणि टॅक्सीने नागदेवी गाठली. (लोकलने थेट जायचं तर मस्जिद स्टेशन.)

नागदेवी स्ट्रीट म्हणजे बेअरिंग, नट-बोल्ट, हत्यारं आणि पाठीमागून 'बाजू, बाजू' करत येणारी हातगाडी. रविवारी जाऊ नका, आणि शुक्रवारी दुपारी काही दुकानं नमाजासाठी बंद असतात. विचारत विचारत एका पोटमाळ्यावर फायबरग्लासची मीटरभर लांबीची तीन पाती निघाली. खोक्यावर ठसठशीत '१००० वॅट'. 'हजार वॅट का है, मॅडम!'

वॅट पात्यात नसतात. २ मीटर व्यासाच्या चक्कीसमोरून ५ मीटरच्या वाऱ्यात जेमतेम २३५ वॅट जातात. त्यातले जास्तीत जास्त ५९.३ टक्केच काढता येतात, ही बेट्झ या शास्त्रज्ञाने काढलेली मर्यादा. आणि घरगुती चक्कीच्या हाती लागतो चौथा हिस्सा, म्हणजे साठेक वॅट. वारा दुप्पट झाला की वीज आठपट होते हे खरं, तरी हजार वॅटला ताशी ४५ किलोमीटरच्या वर वारा लागेल. खोक्यावरचा आकडा सोडा, व्यास बघा.

मग मामांनी खिशातून पेन्सिल काढली, काउंटरवर आडवी ठेवली आणि एकेक पातं तिच्यावर तोलून जिथे स्थिरावलं तिथे खूण केली. दोन खुणा जुळल्या, तिसरी दोन बोटं टोकाकडे. वजनातही तेच जड. 'इतना चलता है,' दुकानदार म्हणाला. १० मीटरच्या वाऱ्यात टोक ताशी दोनशे किलोमीटरच्या वर पळतं. तिथे हे चालत नाही, खांब हलतो. मामा जागचे हलेनात, तेव्हा दुसरा संच निघाला. तो जुळला. तुम्हीही छोटा वजनकाटा सोबत न्या, आणि तिन्ही पात्यांचा पीळ एकाच बाजूला आहे ना तेही बघा. घासाघीस चालते, पण पक्कं बिल घ्याच. तडा निघाला तर बदलून मागायला तोच एक आधार.

बोल्ट तिथेच घेतले, स्टेनलेस ३१६ चे (खाऱ्या हवेत टिकणारं स्टील), नायलॉक नटांसह (आत नायलॉनची कडी असलेले, कंपाने सैल न होणारे). समुद्राकाठी साधे बोल्ट एका पावसाळ्यात गंजून बसतात.

नेताना पाती टोकावर उभी करू नका. मागची धार आधी फुटते. फोमच्या चादरीत गुंडाळून, मधे पुठ्ठा घालून बांधा आणि भर गर्दीची लोकल टाळा. मालाडला उतरून मार्वे, तिथून फेरीबोटीने मनोरी. बोटीवर मोटारसायकली चढतात, तेव्हा गाठोडं मांडीवरच बरं.

शहरातल्या सोसायटीच्या गच्चीवर बसवणार असाल तर माझं स्पष्ट मत : नका. उंच इमारतींमध्ये वारा गिरक्या घेतो आणि कंप स्लॅबमधून खालच्या घरात उतरतो. तिथे सोलर बरं.

आणि पाती चढवण्याआधी जनरेटरच्या तिन्ही वायरी एकमेकींना जोडून ठेवा, म्हणजे ब्रेक लागतो. बॅटरी जोडून खाली उतरल्याशिवाय त्या सोडवू नका. मामांनी तर शिडीवर चढण्याआधी पात्यालाही दोर बांधला.