घरच्या संगणकाची राखण : माझा अनुभव

बडोद्यातील आमच्या दांडिया बाजारातील घरी संगणक आहे तो मुख्यतः माझ्या सासऱ्यांसाठी, म्हणजे अण्णांसाठी. घराण्यात चालत आलेले मोडीतील जमाखर्च, पत्रे आणि वाटणीपत्रे यांचे सुमारे तीन हजार स्कॅन त्यांनी गेल्या सहा वर्षांत केले असून त्यांतील निम्म्यांचे देवनागरी लिप्यंतरही स्वतः टंकून ठेवले आहे. मूळ कागदांना कसर लागलेली होती, काही तर उलगडतानाच तुटले. त्यामुळे संगणकात आहे तेवढेच आता शाबूत आहे. अँटीव्हायरसचा विचार मी इतक्या गांभीर्याने केला तो या कागदांपायी.

जुना संगणक विंडोज १० वर चालत असे. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी त्याचे नियमित पाठबळ थांबवले, आणि आमचा प्रोसेसर सातव्या पिढीचा असल्यामुळे तो विंडोज ११ च्या अधिकृत यादीत बसत नव्हता. यंत्रही थकलेच होते, म्हणून नवीन घेतले. त्यात एका कंपनीचे तीस दिवसांचे चाचणी अँटीव्हायरस आधीच बसवलेले होते. दुकानदाराने वर्षभराचे आणखी एक पॅकेज पुढे केले आणि म्हणाला, “बेन, विंडोजवाळुं तो खाली नामनुं छे,” म्हणजे विंडोजबरोबर येणारे अँटीव्हायरस नुसते नावापुरते आहे. मी ते घेतले आणि त्याने ते पहिल्यावरच बसवून दिले. एका संगणकावर सतत पहारा देणारी दोन अँटीव्हायरस असू नयेत, ती एकमेकांच्या कामात आडवी येतात, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. अण्णांचा एक स्कॅन उघडायला मिनिटभर लागू लागले.

तिसऱ्या आठवड्यात अण्णांनी मला हाक मारली. “सूनबाई, हे बघ, चार व्हायरस आहेत म्हणतोय. पैसे भरायचे राहिलेत का आपले?” पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात लाल चौकट होती, तिच्यात एका नामांकित अँटीव्हायरसचे चिन्ह, ‘आपली मुदत आज संपत आहे’ असा इंग्रजी मजकूर आणि नूतनीकरणाचे बटण. ते अँटीव्हायरस आमच्याकडे नव्हतेच. अण्णांचा हात माऊसवर होता, तो मी बाजूला घ्यायला लावला आणि चौकट जवळून वाचली. तळाशी, अगदी बारीक अक्षरात, ब्राउझरचे नाव आणि एका अनोळखी संकेतस्थळाचा पत्ता होता. म्हणजे ही सूचना संगणक देत नव्हता, ब्राउझरमार्फत कुठलेसे संकेतस्थळ पाठवत होते.

उलगडा झाला तो असा. मोडीचे एक जोडाक्षर शोधताना अण्णा एका पानावर पोहोचले होते, आणि तेथे ‘आपण यंत्र नाही हे सिद्ध करण्यासाठी अलाऊ दाबा’ असे लिहिले होते. त्या एका बटणाने त्यांनी नकळत त्या संकेतस्थळाला सूचना पाठवण्याची परवानगी दिली होती. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’, त्यात ‘साइट सेटिंग्ज’ आणि त्यात ‘नोटिफिकेशन्स’ येथे अशी पाच नावे सापडली. ती काढली, आणि कोणत्याही संकेतस्थळाने अशी परवानगी मागूच नये असा पर्याय निवडला. लाल चौकट त्यानंतर आली नाही. संगणकात व्हायरस एकही नव्हता, पण त्या बटणावरून अण्णांनी कार्डाचा क्रमांक भरला असता तर नुकसान व्हायरसने केले असते त्याहून कमी झाले नसते.

माझी निवड ठरली ती या प्रसंगावरून. यजमानांचा कल पुण्याच्या क्विक हीलकडे होता. कैलास आणि संजय काटकर या बंधूंनी उभी केलेली ती कंपनी, आणि आमच्या जुन्या संगणकावर तिने अनेक वर्षे चोख काम केले होते. त्यांच्या मताला मी कमी लेखत नाही. परंतु पैसे भरून घेतलेले कोणतेही अँटीव्हायरस कधी ना कधी मुदत संपल्याची खरी सूचना देणारच, आणि अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माणसाने ती खरी की खोटी हे दर वेळी ओळखावे अशी अपेक्षा करणे मला योग्य वाटत नाही. विंडोजबरोबर येणाऱ्या मायक्रोसॉफ्ट डिफेंडरला वर्गणी नाही. तेव्हा मी अण्णांना एकच गोष्ट सांगू शकत होते : मुदत संपली, पैसे भरा, अमुक क्रमांकावर फोन करा असे जे काही पडद्यावर येईल ते खोटे. जर्मनीतील एव्ही-टेस्ट आणि ऑस्ट्रियातील एव्ही-कम्पॅरेटिव्ह्ज या चाचणी संस्थांचे निकालही मी पाहिले. तेथे डिफेंडर विकतच्या नावांच्या पंगतीला बसलेला दिसला, त्यामुळे मन निश्चिंत झाले.

दोन्ही विकतची अँटीव्हायरस काढून संगणक पुन्हा सुरू केला, तेव्हा डिफेंडर आपोआप कामाला लागला. तो खरोखर जागा आहे का, हे पाहण्यासाठी आयकार नावाची चाचणी-ओळ वापरली. अडुसष्ट अक्षरांची ही ओळ पूर्णपणे निरुपद्रवी आहे, पण अँटीव्हायरस तिला व्हायरस समजून पकडतात, कारण ती त्याचसाठी ठरवलेली आहे. नोटपॅडमध्ये चिकटवून जतन केली आणि काही क्षणांतच फाइल नाहीशी होऊन खाली सूचना आली.

मात्र खरा वेळ गेला तो ‘कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस’ या सोयीवर. फायली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या रॅन्समवेअरपासून ही सोय बचाव करते, अनोळखी प्रोग्रॅमला ठरावीक फोल्डरमधील फायली बदलूच देत नाही. डिफेंडर चालू असेल तरच ती चालते, आणि मुळात ती बंद असते. आपण सुरू करावी लागते. तिच्या यादीत डॉक्युमेंट्स, पिक्चर्स असे नेहमीचे फोल्डर असतात, पण अण्णांचे स्कॅन डी ड्राइव्हवर होते, म्हणून तो फोल्डर मी हाताने जोडला. दुसऱ्याच दिवशी स्कॅनरचा प्रोग्रॅम अडला. पान स्कॅन होई, पण जतन होईना. अण्णा हिरमुसले, आणि ते स्वाभाविक होते. ‘प्रोटेक्शन हिस्ट्री’मध्ये अडवलेल्या प्रोग्रॅमचे नाव दिसले, त्याला परवानगी दिली आणि काम सुरळीत झाले.

रोजच्या वापरासाठी अण्णांचे खाते ‘स्टँडर्ड’ केले, म्हणजे नवीन प्रोग्रॅम बसवायचा तर ॲडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड लागेल. त्यांच्या मनाला ते लागले. “माझ्यावर भरवसा नाही का तुझा?” असे त्यांनी विचारले. मी माझे स्वतःचे खाते उघडून दाखवले, तेही स्टँडर्डच होते. ॲडमिनिस्ट्रेटरचे खाते वेगळे, त्यात रोज कोणीच बसत नाही. मग मात्र ते मानले. फाइलच्या नावामागचे शेपूट दिसेल अशी व्यवस्थाही त्याच वेळी केली, कारण विंडोज ते लपवते आणि ‘पत्रिका.पीडीएफ.ईएक्सई’ ही फाइल, जी खरे तर एक प्रोग्रॅम असते, नुसती ‘पत्रिका.पीडीएफ’ अशी दिसते.

राहिले ते फायलींच्या राखीव प्रती वेगळ्या डिस्कवर ठेवण्याचे. रॅन्समवेअर जोडलेली डिस्कही सोडत नाही, म्हणून काम झाले की डिस्क काढून ठेवायची हे ठरवले. पण ती घरातच ठेवून भागणार नव्हते. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचे पाणी शहरभर शिरले तेव्हा तळमजल्यावरच्या लोकांची काय अवस्था झाली हे आम्ही पाहिले आहे. म्हणून डिस्क दोन घेतल्या. एक आमच्याकडे, दुसरी अलकापुरीत नणंदेकडे तिसऱ्या मजल्यावर, आणि दर महिन्याच्या पहिल्या रविवारी अदलाबदल. गेल्या रविवारी तिच्याकडून आलेली डिस्क लावून अण्णांना म्हटले, यातली कोणतीही एक फाइल उघडा. त्यांनी एक वाटणीपत्र निवडले, चष्मा सरळ केला आणि पहिल्या दोन ओळी मोठ्याने वाचून दाखवल्या. मग मी नवे स्कॅन त्या डिस्कवर उतरवले.