दोनापावलाच्या ब्रिटिश दफनभूमीतली पुसटलेली ओळ

नोव्हेंबरातल्या त्या सकाळी साडेसातला आम्ही तिघं फाटकातून आत गेलो, तेव्हा गवत गुडघ्याला लागत होतं. काबोच्या टोकाकडे जाणाऱ्या रस्त्यालगत ही ब्रिटिश दफनभूमी आहे. काम एकाच कबरीचं होतं. समुद्रापलीकडच्या एका घराण्याला आपल्या पूर्वजाच्या कबरीचा फोटो हवा होता. जुन्या हस्तलिखित यादीत त्या दगडापुढे एका लेफ्टनंटचं नाव होतं आणि वयाचा रकाना रिकामा.

इंग्रज फौज गोव्यात आली १७९९ मध्ये. टिपू सुलतान त्याच वर्षी मेमध्ये श्रीरंगपट्टणला पडला होता, पण फ्रेंच गोव्यात उतरतील ही धास्ती कायम होती. म्हणून इंग्रजांची फौज काबो, आग्वाद अशा मोक्याच्या जागी बसली, ती १८१३ पर्यंत. राज्य पोर्तुगिजांचंच राहिलं, पहारा इंग्रजांचा. त्या तळावर वारलेली माणसं इथे पुरली गेली.

आमची पाटी आडवी, चिऱ्याच्या म्हणजे जांभा दगडाच्या चौथऱ्यावर बसवलेली. वरचं नाव स्पष्ट, खालची ओळ सपाट, तिच्याखाली हुद्दा आणि पलटण. नावाला हुद्दा जोडून वाचला की लेफ्टनंटची कबर तयार होते. यादी करणाऱ्याने नेमकं तेच केलं होतं.

पुसट अक्षर दिसलं की लोक खडू घासतात, पीठ चोळतात, दाढीचा फेस लावतात. यातलं काहीही करू नका. खडू दगडाच्या छिद्रांत बसतो तो निघत नाही, पिठावर बुरशी धरते, फेसातली आम्लं आत राहतात. तारेच्या ब्रशाने तर अक्षराची कडाच जाते, आणि वाचायची असते ती कडाच. आम्ही नेतो एक साधा आरसा, काळी छत्री, नळाच्या पाण्याऐवजी डिस्टिल्ड वॉटर आणि बांबूच्या काड्या. छत्रीने पाटीवर सावली धरायची. दुसऱ्याने पाच-सहा फुटांवरून आरशाने ऊन पाटीवर जवळजवळ आडवं सोडायचं, दहा-पंधरा अंशांत. प्रत्येक खाचेत सावली भरते. एका बाजूने उभ्या रेघा उठतात, दुसऱ्या बाजूने आडव्या, म्हणून चारही बाजूंनी फोटो घ्यायचे.

तिसऱ्या बाजूने ओळ उठली. आमच्यातली विद्यार्थिनी अक्षर अक्षर लावत होती. ‘इन्फंट’ लागलं, पुढचा शब्द तिने वाचला ‘फॉन’. तिथे मी थांबवलं. त्या काळचे कोरणारे शब्दाच्या सुरुवातीचा छोटा ‘एस’ लांब काढत, तो ‘एफ’सारखा दिसतो, फक्त मधली रेघ उजवीकडे जात नाही. म्हणजे ‘सन’. इन्फंट सन ऑफ. तान्हा मुलगा.

सगळ्यात खालची ओळ दोन बोटं मातीखाली होती. डिचोलीचे गवंडीकाका आमच्यासोबत असतात. त्यांनी पाणी शिंपडून माती भिजू दिली, मग बांबूच्या काडीने ती हलकेच ओढून घेतली. वय अकरा महिने. काका काडी हातात धरून बराच वेळ तसेच उकिडवे बसून राहिले. मग म्हणाले, “तरीच म्हटलं, चौथरा एवढा आखूड कसा.”

लांबी आधीच पाहायला हवी होती. आता प्रत्येक पाटीसोबत चौथऱ्याची लांबी-रुंदी टेपने मोजून लिहितो.

पुढचा शोध पलटणीच्या अक्षरांवरून लागतो. ‘एच.एम.’ (हिज मॅजेस्टीज) असेल तर राजाची फौज, तिचे कागद लंडनला क्यू इथल्या नॅशनल अर्काइव्हजमध्ये. ‘एच.सी.’ (ऑनरेबल कंपनी) किंवा ‘एन.आय.’ (नेटिव्ह इन्फंट्री) असेल तर कंपनी सरकारची, तिचे कागद ब्रिटिश लायब्ररीत. दफनाच्या नोंदी तिथे इलाख्यानुसार लावलेल्या आहेत: बंगाल एन/१, मद्रास एन/२, मुंबई एन/३. आमच्या पाटीवर बॉम्बे एन.आय. होतं, म्हणून एन/३ चा उल्लेख त्या घराण्याला पाठवलेल्या उत्तरात घातला.

त्याच चौथऱ्याच्या दर्जांत, म्हणजे दगडांमधल्या सांध्यांत, कुणीतरी सिमेंट भरलं होतं, आणि त्याच्या कडेचा चिरा पापुद्र्यांनी सुटत होता. चिरा पाणी पितो, गोव्याचा पाऊस त्याला भरपूर पाजतो. चुन्याच्या दर्जेतून ते पाणी परत वाळून जातं. सिमेंटने वाट बंद केली की ते चिऱ्यातूनच निघतं, सोबत समुद्राकडचा खार आणतं, आणि खाराचे कण फुगून दगडाचं तोंड उडवतात. इथे कळीचा चुना एक भाग, वाळू तीन भाग, आणि आठवडाभर ओलं गोणपाट. दुसरा उपाय नाही. वडा-पिंपळाचं रोपही उपटायचं नाही, उपटलं तर मुळासोबत चिरा येतो. बुडाशी कापायचं, आणि फुटवा आला की पुन्हा कापायचं.

बघायला येणाऱ्यांसाठी: पणजीहून दोनापावलाच्या बसेस मिळतात. पाटी वाचायची असेल तर नऊच्या आत या किंवा चारनंतर. भर दुपारी डोक्यावरच्या उन्हात कोरलेलंही दिसत नाही. पावसाळ्यानंतर बूट घाला, गवतात जनावर, म्हणजे साप, असतं. फाटक बंद असेल तर भिंत चढू नका, वरचे चिरे सुटे असतात.

त्या घराण्याला चार बाजूंचे चार फोटो आणि वाचलेला पूर्ण मजकूर पाठवला. लेफ्टनंट कुठे पुरला गेला, ते त्या दगडावर नाही. यादीत लेफ्टनंट हा हुद्दा आता वडिलांच्या रकान्यात आहे, आणि वयाच्या रकान्यात ११ महिने.