नवीन विश्वासी आणि घरातला धीर

बाप्तिस्मा घेतला की राग आपोआप जाईल असं नवीन विश्वासी, म्हणजे नुकतेच ख्रिस्ती झालेल्या लोकांना खरंच वाटते. तो काही जात नाही. उलट काहींचा वाढतो, कारण आता आपल्याला सत्य समजलं आणि घरचे ऐकून नाही राहिले, ही एक नवीनच चीड सुरू होते. मी इथे नागपुरात आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, घरगुती प्रार्थनेच्या संगतीत बऱ्याच वर्षांपासून नवीन लोकांसोबत बसतो आणि हेच पाहतो, रविवारी उपासनेत सगळेच नम्र असतात हो, खरी परीक्षा घरी होते.

उत्तर नागपुरातला एक पोरगा आहे, नुकताच विश्वासात आलेला. मे महिना, डोकं तापलेलं, कूलरमध्ये पाणी कोण टाकणार यावरून वडिलांशी बाचाबाची झाली आणि गोष्ट थेट देवाधर्मावर गेली. तेवढ्यात आईनं प्रसादाच्या शिऱ्याची वाटी समोर ठेवली तर यानं ती हातानं ढकलली, किती वेळा सांगू मी हे खात नाही म्हणून, आणि शिरा ओट्यावर सांडला. आई एक शब्द बोलली नाही, फडकं घेऊन ओटा पुसत राहिली. संध्याकाळी संगतीत येऊन मला म्हणते, "भाऊ, आज मी विश्वासासाठी उभा राहिलो." मी म्हटलं, प्रसाद घ्यायचा की नाही हा तुझ्या विवेकाचा प्रश्न आहे, पण "आई, मला नको, तू जेवली का" एवढं तर म्हणता आलं असतं ना बाप्पा. चिडला तो. काही दिवस आलाच नाही.

अशा वेळी मी बायबलमधला लूकचा 9 वा अध्याय काढतो. शोमरोनी लोकांच्या एका गावानं येशूला थारा दिला नाही तर त्याचे शिष्य याकोब आणि योहान विचारतात, आकाशातून अग्नी पाडायला सांगू का? येशूनं त्या दोघांनाच धमकावलं आणि सगळे दुसऱ्या गावाला गेले. खुद्द प्रभूसोबत रोज चालणाऱ्या शिष्यांची ही गत, तर कालपरवा आलेल्या पोराला लगेच सौम्यता कुठून येणार, म्हणून मी त्याच्यावर रागावत नाही, पण त्याच्या रागाला आवेश म्हणून शाबासकीही देत नाही.

आपल्याकडे कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांचं उदाहरण आहेच. नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेत एका सहप्रवाशानं त्यांना नवा करार दिला, तिथून वाचन, शंका, विचार सुरू झाला आणि बाप्तिस्मा झाला 1895 मध्ये. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंना ते मान्य नव्हतं, नवराबायकोची काही वर्षं ताटातूट झाली, त्या नंतर परत आल्या तरी लगेच ख्रिस्ती झाल्या नाहीत, स्वतःला पटलं तेव्हाच झाल्या. घरच्या माणसाची वाट पाहणं काय असते ते तिथे दिसते. आणि आपले नवीन लोक महिनाभरात विचारतात, आईबाबा अजून का येत नाहीत?

पण यात मंडळीचाही दोष आहे, आणि हे मला फार लागते. नवीन माणूस आला की आपण लगेच त्याच्या हातात माईक देतो, साक्ष दे, म्हणजे विश्वासात कसा आला ते सगळ्यांसमोर सांग म्हणतो, टाळ्या वाजवतो, व्हिडिओ ग्रुपवर टाकतो. प्रेषित पौलानं आपला सहकारी तीमथ्याला पहिल्या पत्रात, तिसऱ्या अध्यायात, साफ लिहिलं आहे की अध्यक्ष, म्हणजे मंडळीचा पुढारी, नवशिका नसावा, गर्वानं फुगेल. ते पुढाऱ्यांसाठी आहे हे मान्य, पण कारण जे दिलं ते प्रत्येक नवीन माणसाला लागू आहे. त्याला आधी खुर्च्या लावू द्या, मयतीच्या घरी पाणी भरू द्या, आजारी म्हाताऱ्याजवळ मेडिकलमध्ये, म्हणजे इथल्या सरकारी दवाखान्यात, रात्रभर बसू द्या, जिथे कोणी फोटो काढत नाही. साक्ष नंतर होईलच. आणि त्या आधी पास्टरनं एकदा त्याच्या घरी जाऊन आईला विचारावं, पोरगा घरी कसा वागून राहिला म्हणून.